नमुना संपला

३ फेब्रुवारी

चिंगे,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं. मग तो कागद टाकून दुसरा घेतला. सहा वर्षांनी पत्र लिहिणाऱ्या थोरल्या बहिणीने आशीर्वादाने सुरुवात करावी, हे माझं मलाच उद्धटपणाचं वाटलं. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते तसंच केराच्या टोपलीत टाकलं नसशील, तर एवढंच मागते, शेवटपर्यंत वाच.

फोन करायचा ना, म्हणशील. केला होता, मागच्या महिन्यात. तू 'राँग नंबर' म्हणालीस आणि ठेवलास. अगं, पाच वर्षांची होईपर्यंत तुला 'र' म्हणता येत नव्हता, तो मी शिकवला. तुझा 'राँग' मला ओळखू येणार नाही का?

पत्राला निमित्त आहे. या महिन्याच्या अखेरीला मी निवृत्त होते. छत्तीस वर्षं माशांच्या रोगांच्या या एका प्रयोगशाळेत गेली. निघण्याआधी एक काम उरलं आहे आणि ते तुझ्याशी संबंधित आहे.

सहा वर्षांपूर्वी इथल्या तळ्यांमधले तिलापिया मासे पटापट मरायला लागले आणि त्यांच्यात आम्हाला एक नवाच विषाणू सापडला, हे मी तुला सांगायला नको. तुझ्या हॅचरीच्या माशांत तो आहे असा अहवाल माझ्या सहीने गेला, त्यावरून आदेश निघाला आणि तुझी चारही तळी चुना टाकून रिकामी केली गेली, हेही सांगायला नको. तरी लिहिलं. हे वाक्य आजवर मी असं कुठे लिहिलंच नव्हतं. आमच्या कागदात 'साठा नष्ट करण्यात आला' एवढंच असतं.

आता त्या विषाणूची कायमची नोंद व्हायची आहे. त्याचा आकार, त्याची जनुकं, कुठल्या पेशींत वाढतो, पाणी किती गार झालं की मंदावतो, हे सगळं करून झालं. उरला आहे तो उगमाचा रकाना. विषाणूच्या वाणाला त्याचा उगम जिथे ठरला तिथलं नाव देतात. इथल्या बहुतेक तळ्यांत माशांचं बीज तुझ्याकडून जायचं, म्हणून आमच्या कागदांत ते तुझ्या हॅचरीचं आहे. आतापर्यंत ते कामापुरतं होतं. पंचवीस तारखेला मी सही केली की ते जगभरच्या पुस्तकांत तसंच राहील.

तुझी काही हरकत असेल तर कळव. हरकत आली तर मला साहेबांशी बोलता येईल.

तू हल्ली शीतगृहात मासे साफ करायच्या टेबलापाशी उभी असतेस, असं खाद्य पुरवणाऱ्या भाऊंकडून कळलं. थंडीत तुझे हात फुटतात. हातमोजे देतात का गं?

ताई


११ फेब्रुवारी

चिंगे,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं, पण टपाल येण्याच्या वेळेला मी दारापाशी काहीतरी काम काढून उभी राहते.

आमच्याकडे आवराआवर चालली आहे. माझ्या जागी येणाऱ्या बाई चाळिशीच्या आहेत, दोन मुलांच्या आई, कामाला चोख आणि तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी माझं टेबल बघून म्हणाल्या, "मॅडम, इतकं नीटनेटकं टेबल म्हणजे एक तर काम होत नाही, नाही तर ड्रॉवर बघायला हवा." मी हसले. त्यांनी ड्रॉवर बघितला नाही.

आज सकाळी आम्ही दोघी उणे ऐंशीचा फ्रीझर रिकामा करत होतो. तीस वर्षांत साठलेले माशांचे तुकडे, बोटाएवढ्या कुप्यांमध्ये. मी यादी वाचत होते, त्या काढत होत्या. जाड हातमोज्यांतही बोटं बधिर होतात, म्हणून पाळीपाळीने. मध्येच त्या थांबल्या.

"मॅडम, ही बघा. वाण क्रमांक एक, मूत्रपिंड, पाच मासे. ही तर भरलेली आहे."

मी म्हटलं, "कुठली?"

"तीच, तुमच्या बहिणीच्या तळ्यातली. पण तुमच्या शोधनिबंधात तक्त्याखाली लिहिलंय ना, 'नमुना संपल्यामुळे संपूर्ण जनुकक्रम मिळाला नाही' म्हणून? मी तो तक्ता चार वेळा वाचलाय, मला वाटायचं काय वाईट नशीब, नेमका पहिलाच नमुना संपावा."

मी म्हटलं, "चिठ्ठी चुकीची असेल. टाका ती."

त्यांनी कुपी नष्ट करायच्या पिशवीत टाकली आणि पुढची उचलली. त्यांच्या मनात काही आलं की नाही, कोण जाणे. मला मात्र उरलेल्या यादीतलं एकही अक्षर नीट वाचता येईना. चष्मा धुरकटलाय असं म्हणून मी बाहेर आले.

असो. तुझ्याकडच्या त्या जुन्या मादीची आज फार आठवण झाली. आपल्या कॉन्व्हेंटच्या थोरल्या सिस्टरांवरून तूच तिचं नाव 'मदर सुपिरियर' ठेवलं होतंस, कारण ती हौदाच्या मधोमध स्थिर असायची आणि बाकीच्या सगळ्या तिच्यापासून वीतभर अंतर ठेवून फिरायच्या. मी पहिल्यांदा बघायला आले तेव्हा आपण दोघी हौदाच्या कठड्याला टेकून किती हसलो होतो. मेहुणे म्हणाले होते, "शाळा सोडून तीस वर्षं झाली, पण या दोघी अजून सिस्टरांना भितातच." अकरा वर्षं निवडून निवडून तू तो वाण तयार केला होतास. त्या मादीच्या पिल्लांची बोटुकली न्यायला लोक रांग लावायचे.

पिशवी आज संध्याकाळी नष्ट व्हायला जायची होती. मी ती थांबवली. कुपी परत फ्रीझरमध्ये ठेवली आहे, माझ्या हाताने. का, ते उद्या लिहीन. आज धीर होत नाही.


१२ फेब्रुवारी

चिंगे,

पहिल्या पत्रात मी तुझी हरकत मागितली. ते वाचून तुला काय वाटलं असेल, या विचाराने मला माझीच किळस आली. चूक माझी, आणि ती निस्तरायला हरकत तुझी यायला हवी होती!

आता सरळ सांगते.

आमच्या प्रयोगशाळेत तीन खोल्या आहेत. पहिली स्वच्छ खोली, तिथे फक्त रसायनं मिसळायची. दुसरीत मासे कापायचे. तिसरीत यंत्र आहे, विषाणूच्या एका तुकड्याच्या कोट्यवधी नकला करणारं, म्हणजे थोडा असला तरी दिसावा. त्या खोलीतल्या हवेत, बाहीवर, केसांत त्या नकला असतात. म्हणून नियम एकच. सकाळी पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. एकदा तिसरीत पाय टाकला की त्या दिवशी मागे फिरायचं नाही. चष्मा विसरला तरी नाही. हा नियम मीच लिहून दारावर लावला होता.

तू आलीस त्या दिवशी मी सकाळपासून तिसऱ्या खोलीत होते. दुपारी शिपायाने सांगितलं, तुमची बहीण आली आहे. तू बाकावर बसली होतीस, मांडीवर ओली पिशवी, साडीचा काठ चिखलाने भिजलेला. वरच्या अंगाच्या तळ्यांत मासे मरत होते, हंगाम तोंडावर होता आणि बीज न्यायला येणारे 'निरोगी' असा कागद मागत होते. तू म्हणालीस, "ताई, आज होईल का गं? नाही तर उद्या येते, मला काय."

उद्या ये, एवढंच म्हणायचं होतं मला.

तुला आठवतं, शिवणाच्या तासाला तुझी हातशिलाई नेहमी मागे पडायची आणि मी मधल्या सुट्टीत तुझा काठ घालून द्यायची? सिस्टर टाके बघूनच ओळखायच्या. त्या मला म्हणाल्या होत्या, "तू तिला मदत करत नाहीस, तू तिची वाट बघू शकत नाहीस." तेव्हा मला तो अन्याय वाटला होता. माझी माया पहिल्यापासून अशी घाईची.

मी मागे फिरले. तोच ॲप्रन, तेच केस. तुझे पाच मासे मीच कापले, मीच रसायनं मिसळली, कुणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळी यंत्राने सांगितलं, विषाणू आहे.

नियमाप्रमाणे नवीन तुकडा घेऊन पुन्हा करायला हवं होतं. मी त्याच नळीतला उरलेला द्रव घेऊन पुन्हा केलं. अर्थातच तेच उत्तर आलं.

तू मला विचारलंस, "ताई, माझा एक तरी मासा मेलाय का?" आणि मी तुला वाहक म्हणजे काय ते समजावलं. दिसायला निरोगी, पण दुसऱ्यांना रोग देणारे. शांतपणे, फळ्यावर चित्र काढल्यासारखं समजावलं. तू मान डोलावलीस. ताई सांगते म्हणजे असणार.

तळी रिकामी झाल्यावर दहाव्या दिवशी सापडलेल्या तुकड्याच्या जनुकक्रमाचा, म्हणजे त्यातल्या अक्षरांच्या ओळीचा, कागद आला. आता नीट वाच. प्रत्येक तपासणीत आम्ही एक ओळखीची नळी ठेवतो, त्यात विषाणूचा तुकडा मुद्दाम घातलेला असतो, यंत्र नीट चालतं आहे हे कळावं म्हणून. त्या तुकड्यात मी अठरा अक्षरांची एक खूण घातली होती. आई आपल्या गणवेशाच्या कॉलरमागे लाल दोऱ्याचा टाका घालायची ना, वसतिगृहाच्या धुण्यात कपडे हरवू नयेत म्हणून, तशी. जगातल्या कुठल्याही माशातल्या विषाणूत ती खूण असणार नाही.

तुझ्या माशांच्या कागदावर ती अठराच्या अठरा अक्षरं होती. तुझ्या माशांत सापडलेला विषाणू माझ्या नळीतला होता, माझ्या बाहीवरून आलेला.

मी कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. मनाशी म्हटलं, मासे तर गेलेच, आता बोलून कुणाचं भलं होणार? आणि निबंधात लिहिलं, नमुना संपला.

हे सगळं लिहूनही सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अजून लिहिली नाही. ती तुला ठाऊक आहे, पण तिची मला लाज वाटते हे तुला माहीत नसेल. त्या वर्षी मला सचोटीचं मानचिन्ह मिळालं. साहेब भाषणात म्हणाले, "बाईंनी सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही." टाळ्या बराच वेळ वाजल्या. मी मान खाली घातली, तर लोकांना तो विनय वाटला.

कागद तेव्हा माझ्या ड्रॉवरमध्ये तीन महिन्यांचा होता.


२० फेब्रुवारी

चिंगे,

त्या कुपीची तपासणी झाली. मी केली नाही. नव्या बाईंना बोलावून ड्रॉवर उघडून दिला आणि तो कागद त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला, मग खुर्ची ओढून बसून वाचला. मला वाटलं, काहीतरी बोलतील, नेहमीसारखं लागेल असं. त्या म्हणाल्या, "तुम्ही आता कुठल्याच खोलीत येऊ नका." आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या खोलीपासून क्रमाने त्यांनी ती केली. कुपीत पाच माशांचे तुकडे होते. पाचही वेगवेगळे तपासले, दोनदा, नवे तुकडे घेऊन. नमुना खराब झाला असता तर माशाचं स्वतःचं जनुकही दिसलं नसतं. ते ठळक दिसलं. विषाणू एकातही नाही.

यावरून तुझ्या चारही तळ्यांत तो नव्हताच, असं शपथेवर म्हणता येत नाही. पाच मासे म्हणजे तळं नव्हे. पण तो होता असं म्हणायला आमच्याकडे कधीच काही नव्हतं. तुला हे मोजूनमापून लिहिते आहे याचा राग येईल. पण एकदा मी तुला न मोजता सांगितलं आहे.

काल साहेबांकडे गेले. त्यांनी चहा मागवला, कागद वाचले आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"बाई, आठ दिवस राहिलेत. गोड बोलून निघून जा ना."

मी म्हटलं, "उगमाच्या रकान्यात तिचं नाव घालता येणार नाही."

"मग नका घालू. क्रमांक घाला, रकाना कोरा ठेवा. पण हे जुनं कशाला उकरून काढायचं? 'नमुना संपला' लिहिलंय तर संपला. कोण कुपी उघडून बघतंय?"

"बघितली उघडून."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "लोक म्हणतील, बहिणीला वाचवायला आता पुरावा तयार केला."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुला बुडवलं तेव्हा मी निःस्पृह ठरले आणि आता खरं सांगते तर बहिणीची बाजू घेते आहे असं वाटणार. मी म्हटलं, "सर, तुम्हीच भाषणात म्हणाला होतात, सत्यापुढे नातं नसतं."

"अहो, ते भाषण होतं!" ते म्हणाले, आणि त्यांनाच हसू आलं. मग हसू गेलं. "लिहून द्या," म्हणाले. "पण तुमच्या पेन्शनवर चौकशी लागली तर मला दोष देऊ नका."

लिहून दिलं. निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला, नावं ठरवणाऱ्या समितीला, आणि तुझी तळी रिकामी करण्याचा आदेश काढणाऱ्या खात्याला. तिन्हींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मानचिन्ह परत पाठवलं, ते घ्यायला कुणी तयार नव्हतं, आवक विभागात नुसतंच ठेवून आले.

आता मन हलकं झालं का, असं विचारशील तर नाही. मला वाटलं होतं, होईल. शाळेच्या चॅपेलमधल्या पापाची कबुली द्यायच्या त्या लाकडी खोक्यातून मुली बाहेर यायच्या तेव्हा किती प्रसन्न दिसायच्या, आठवतं? आपण दोघी व्हरांड्यातून बघायचो आणि तू म्हणायचीस, "आत गोळ्या वाटत असतील."

ताई


५ मार्च

चिंगे,

तुझं पत्र आलं. पाकीट उघडायला मला अर्धा तास लागला. सहा वर्षांत तुझं अक्षर बारीक झालं आहे.

तुझ्याच ओळी परत तुला लिहिते, मला त्या नीट कळल्या हे दिसावं म्हणून.

'मॅडम, तिन्ही इंग्रजी कागद वाचले. मला कळले, मीही त्याच शाळेत शिकले. माझ्याकडून बीज नेणाऱ्यांना ते कळणार नाहीत. शेजारच्या तळ्यावरची बाई माझ्या हातचं पाणी पीत नाही, तिला कळणार नाहीत. यांचे वडील गेले तेव्हा सोसायटीचं कुणी आलं नाही, त्यांच्यापर्यंत तुमचं नियतकालिक पोचत नाही. मत्स्यपालकांच्या सोसायटीची सभा चौदा तारखेला दुपारी तीनला आहे. तिथे या आणि तोंडाने सांगा. माझं नाव घेऊन. साध्या भाषेत. आणि रडू नका. तुम्ही रडलात की लोक उठून तुमचीच समजूत घालतील.'

मेहुण्यांचे वडील गेले हे मला आत्ता कळलं. ते मला 'मोठ्या डॉक्टरीणबाई' म्हणायचे, मी डॉक्टर नाही हे कितीदा सांगूनही.

तू 'मॅडम' लिहिलंस. बरोबर आहे.

येते. घरी भाषण लिहून बघितलं, तीन वेळा. पहिल्यात 'दूषितीकरण' हा शब्द सात वेळा आला. दुसऱ्यात मी स्वतःला इतकं वाईट म्हटलं होतं की ऐकणाऱ्याला माझी दया यावी. तिसरं लहान आहे. त्यात तू आहेस, मासे आहेत आणि मी काय केलं ते आहे.

नव्या बाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "ठीक आहे. पण लोक विचारतील, मग रोग आला कुठून? त्याचं उत्तर काय?"

त्याचं उत्तर काय द्यावं लागेल ते मला माहीत आहे, आणि ते त्या तिसऱ्या भाषणातही मी लिहिलं नव्हतं.


१८ मार्च

चिंगे,

तू सगळं समोरच बघितलंस, तरी लिहिते. माझ्या जागेवरून ते कसं दिसलं, ते तुला दिसलं नसेल.

पत्र्याचा हॉल, एक पंखा, चाळीसेक माणसं. प्लास्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या म्हणून काही जण खिडकीत बसले होते. तू शेवटच्या रांगेत, कामावरून तशीच आलेली, रबरी बूट आणि ॲप्रन. शेजारची खुर्ची रिकामी. अख्ख्या हॉलमध्ये माणसं उभी होती आणि ती एक खुर्ची रिकामी होती. सहा वर्षं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.

चेअरमन म्हणाले, "बाई निवृत्त झाल्यात, आपल्याला मार्गदर्शन करायला आल्यात." मी म्हटलं, "मार्गदर्शन नाही," आणि कागद वाचायला घेतला. कागद टेबलावर ठेवला, तर अक्षर दिसेना. मग कागद ठेवूनच दिला. तुझं नाव घेतलं. पूर्ण नाव, हॅचरीसकट. यांच्या माशांत रोग नव्हता, तो माझ्या हाताने माझ्या तपासणीत गेला, ते मला दहाव्या दिवशी कळलं आणि मी सहा वर्षं गप्प बसले.

मग खिडकीतला एक जण म्हणाला, "म्हणजे सहा वर्षं आम्ही उगाच हिच्या नावाने बोटं मोडत होतो?"

मी म्हटलं, "हो."

दुसरा उठला. त्याचा आवाज चढला होता. "उगाच कसं? माझी दोन तळी गेली, ती काय स्वप्नात? मासे गोल गोल फिरून मेले माझे!"

"तो विषाणू खरा आहे," मी म्हटलं. "तो तुमच्या माशांत होता. तो यांच्याकडून आला, हे खोटं आहे."

"मग आला कुठून?"

तोच प्रश्न. मी तुझ्याकडे बघितलं. तू जमिनीकडे बघत होतीस.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "तेव्हा शोधायला हवा होता. उगम सापडला असं आम्ही जाहीर केलं, म्हणून शोध थांबला. पाणी, खाद्य, बाहेरून आणलेलं बीज, काहीच तपासलं नाही. त्यानंतरच्या तीन हंगामांत तुमचे जे मासे मेले, तेही त्यामुळे."

चिंगे, त्यावर जो गलका उठला तो मला हवा होता, असं म्हटलं तर तुला ढोंग वाटेल. पण त्या मानाच्या टाळ्यांनंतर पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी खरं बोलत होतं. कुणी 'थेरडे' म्हणालं, कुणी म्हणालं हिची पेन्शन बंद करा, चेअरमन टेबल वाजवत होते. मला रडू आलं नाही. तू सांगितलं होतंस म्हणून मी टेबलाची कड घट्ट धरून उभी होते.

मग तुझ्या शेजारच्या तळ्यावरची ती बाई उठली. मला वाटलं, आता ही तुझी क्षमा मागेल. ती तुझ्याकडे तोंड करून म्हणाली, "तुझ्या तळ्यात चुना टाकायला मीच होते. रोजावर घेतलं होतं मला. ती मोठी मादी दोनदा वर आली. मी तिच्यावर घमेलं उपडं केलं."

"ठाऊक आहे," तू म्हणालीस.

"ठाऊक होतं? मग बोलली नाहीस कधी?"

"तू बोलत कुठे होतीस माझ्याशी?"

एक जण हसला. मग ती बाईसुद्धा, कसनुसं, पदर तोंडाला लावून. हसता हसता ती त्या रिकाम्या खुर्चीपर्यंत आली, पण बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, सभा संपेपर्यंत.

शेवटी ठराव झाला, पाण्याची आणि बीजाची तपासणी नव्याने करून मागायची. नव्या बाई ती करतील. त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं, किती तळी आहेत म्हणून.

मी बाहेर येऊन फाटकाशी उभी राहिले. तू येशील असं वाटलं नव्हतं. तू आलीस, ॲप्रनच्या खिशात हात घालून, आणि माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत म्हणालीस, "आवाज फार बारीक होता. मागच्या दोन रांगांना अर्धं ऐकू आलं नाही."

मी म्हटलं, "चुकलं."

"वरच्या धरणाकडच्या सोसायटीची सभा शनिवारी आहे. तिकडेही माझं बीज जायचं." मग थोडं थांबून, "तिथे माइक आहे."

एवढं बोलून तू गेलीस. बुटांतलं पाणी पचपच वाजत होतं आणि ते ऐकू येईनासं होईपर्यंत मी तिथेच उभी होते.

खाद्यवाल्या भाऊंना विचारलं. तुझं बीज एकूण सात सोसायट्यांत जायचं, असं ते म्हणाले. एक झाली. तू मला सातही आत्ताच सांगितल्या नाहीस, एकच सांगितलीस, म्हणजे पुढची सांगायला तुला पुन्हा माझ्याशी बोलावं लागेल. हा अर्थ मी काढू नये, हे मला कळतं.

शनिवारी सकाळच्या पहिल्या बसने निघते. मोठ्याने बोलेन.